पोट दाखवणारा मासा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी बैठकीच्या खोलीत फरशीवर पालथा पडून माशांच्या टाकीत बॅटरी मारत होतो. "यंदाच्या दिवाळी अंकाचं सूत्र 'राबणारे सोबती'," ते म्हणाले. "बैलावर लेख आलाय, पोलिसांच्या कुत्र्यावर येतोय. तुम्ही काय देताय?"

"मासा देतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मासा कुठे राबतो हो?"

"माझ्याकडे राबतो. काच पुसतो."

गंमत म्हणून बोलून गेलो, पण हा मासा विकला जातो तो याच कामासाठी. त्याचं नाव ओटोसिंक्लस, दुकानात नुसतं 'ओटो'. पूर्ण वाढला तरी जेमतेम चार सेंटिमीटर, म्हणजे करंगळीची दोन पेरं. रंग मातकट, नाकापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, आणि तोंड खालच्या अंगाला, उलट्या वाटीसारखं. त्या तोंडाने तो काचेला, पानाला, दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडून खातो. गप्पी किंवा टेट्रा घेणारा माणूस रंग बघून घेतो. ओटो घेणारा आधी हिरवी झालेली काच बघतो, मग ओटो घेतो. घरी आणल्यावरही तो काचेकडेच बघत राहतो, माशाकडे त्याचं लक्ष जात नाही.

मीही त्यातलाच. गेल्या वर्षी श्रावणात सहा ओटो आणले. तिसऱ्या दिवशी एक मेला, पाचव्या दिवशी दोन, आठव्या दिवशी आणखी एक. कोणाच्या अंगावर डाग नव्हता, जखम नव्हती, पर फाटलेले नव्हते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "ओटो असेच असतात, मरतात." ते उत्तर मला पटलं नाही. संपादकांनी विषय मागितला तेव्हा वाटलं, आता या निमित्ताने नीट जाऊन बघू.

काचेपलीकडची पिशवी

मुंबईत मासे बघायचे तर क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला. मी दोन्हीकडे गेलो, कुर्ल्याला मुद्दाम रविवारी. ऑक्सिजन भरून फुगवलेल्या पिशव्या टांगलेल्या, त्यांत चमचम करणारं काहीबाही, खाली ओली फरशी, आणि बापाच्या बोटाला धरून 'तो घ्या ना बाबा' करणारी पोरं. ओटो दर्शनी भागात कधीच नसतात. ते आतल्या, खालच्या टाकीत. तीसचाळीस एकत्र, कोपऱ्यातल्या स्पंज फिल्टरला चिकटलेले.

"काच साफ करायला पाहिजे ना साहेब? हाच घ्या. याला खायलाबियला काही घालावं लागत नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी तीन दुकानांत ऐकलं. ओटोंच्या निम्म्याअधिक मृत्यूंचं मूळ त्यातच आहे, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

दुसरी गडबड ओळखण्यातली. 'काच साफ करणारा' म्हणून तीन-चार वेगवेगळे मासे एकाच सुरात पुढे केले जातात. ठिपक्यांचा, पाठीवर मोठं शीड असलेला सकर लहानपणी बोटाएवढा दिसतो आणि मोठेपणी हातभर होतो. सोनेरी, सडपातळ 'अल्गी ईटर' लहान असेपर्यंत शेवाळ खातो, मोठा झाला की इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. ओटो या दोघांपेक्षा गरीब स्वभावाचा. तो थव्याने राहणारा मासा आहे. एकटा ठेवला तर दिवसदिवस पानामागे दडून बसतो, आणि मग तो आजारी आहे की घाबरलाय हेच कळत नाही. निदान पाचसहा तरी एकत्र हवेत.

मी दुकानाच्या त्या खालच्या टाकीसमोर अर्धा तास बसलो. दुकानदार आधी वैतागला, मग त्याने स्टूल दिलं. तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट कळली. बाकीचे मासे आपल्याला कूस दाखवतात. हा मासा काचेला चिकटतो तेव्हा थेट पोट दाखवतो. तपासायला आलेल्या रुग्णाने आपणहून सदरा वर करावा तसं. बघणाऱ्याने बघायचं तेवढं बाकी.

पोट वाचायचं कसं

माझी भाची रत्नागिरीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे महाविद्यालय शिरगावला आहे. तिचं रोजचं काम कोळंबीचं. असले शोभेचे मासे तिच्या लेखी 'टाइमपास'. पण आजारी मासा म्हटलं की तिच्यातला डॉक्टर जागा होतो. मी काढलेले फोटो तिने एकेक मोठे करून पाहिले.

"मामा, हा मेलेलाच आहे. अजून कळलं नाहीये त्याला."

फोटोतला मासा मला धडधाकट वाटत होता. काचेला चिकटलेला, डोळा स्वच्छ, पट्टा ठळक. तिने पोटावर बोट ठेवलं. तोंडाच्या मागे, पुढच्या दोन परांच्या मधोमध जिथे फुगीर असायला हवं तिथे खळगा होता. पोट खपाटीला गेलेलं.

धट्टाकट्टा ओटो खालून पाहिला तर त्याचं पोट भिजवलेल्या हरभऱ्यासारखं भरीव दिसतं. दिवसभर चरणारा जीव असल्यामुळे ते सदैव थोडं टम्म असायला हवं. शेवाळ पचवायला त्याच्या आतड्याची लांबलचक गुंडाळी असते आणि फिकट कातडीतून तिचा आकार जाणवतो. पोट सपाट झालं म्हणजे एक-दोन दिवसांची उपासमार. आत ओढलं गेलं म्हणजे मामला गंभीर. आणि हाडांच्या रेषा दिसायला लागून डोकंच धडापेक्षा मोठं वाटू लागलं, तर समोर अन्न ठेवूनही बहुतेक वेळा उपयोग होत नाही.

समोर अन्न असून मासा उपाशी का मरतो, हे समजायला त्याचा प्रवास बघावा लागतो. ओटो हे दक्षिण अमेरिकेतले. ॲमेझॉन, ओरिनोको, पॅराग्वे या नद्यांच्या खोऱ्यांतल्या ओढ्या-नाल्यांच्या कडेचं गवत आणि पाणवनस्पती हे त्यांचं रान. बाजारात येणारे बहुतेक ओटो आजही नदीतून पकडलेले असतात, टाकीत पैदास झालेले फार थोडे. पकडल्यावर साठवणीची टाकी, मग निर्यातदाराची, मग विमान, मग आपल्याकडचा घाऊक व्यापारी, मग दुकान. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी मासे उपाशी ठेवतात. मोठ्या माशाला ते सोसतं. करंगळीएवढ्या, सतत चरणाऱ्या जिवाला ही साखळी आठवड्यांची उपासमार होते. त्यात त्याच्या आतड्यात वनस्पती पचवायला मदत करणारे सूक्ष्मजीव असतात, तेही उपासात मरतात असं माशांचे जाणकार सांगतात. नंतर तो खाताना दिसतो, पण अंगी लागत नाही.

"म्हणजे माझे चार मासे आजाराने गेले नाहीत?"

"उपासमार हाही आजारच," भाची म्हणाली. "फक्त त्याची बाटली दुकानात मिळत नाही."

पोटाबरोबर विष्ठा बघायची. किळस वाटेल, पण याच्याइतका खरा दाखला दुसरा नाही. नीट जेवणाऱ्या ओटोच्या मागे हिरवट-तपकिरी दोरा लोंबत असतो. दोरा पांढरा, पारदर्शक, चिकट असेल तर आतडं रिकामं आहे किंवा आत परजीवी आहेत. मासा खातोय, तरीही आठवड्यागणिक वाळतोय, तर संशय जंतांवर घ्यायचा. गुदद्वारातून लालसर केसासारखे तंतू बाहेर डोकावत असतील तर संशयही राहत नाही. ते कॅमॅलॅनस नावाचे जंत. साध्या औषधांना ते दाद देत नाहीत, त्याला लेव्हामिसॉलसारखं जंतांचंच औषध लागतं.

उलटी चूकही होते. पोट अती फुगलेलं दिसलं की लोक खूश होतात, किंवा 'अंड्यावर आहे' म्हणतात. मादी वरून पाहिली तर रुंद दिसते हे खरं. पण जलोदराचा फुगवटा वेगळा. तो अचानक येतो, एखाद्या बाजूला जास्त असतो, मासा खाणं सोडतो, कधी डोळेही बाहेर येतात. गोल्डफिशला जलोदर झाला की खवले उभे राहून अननसासारखे दिसतात आणि पोरंही ते ओळखतात. ओटोला तसे खवलेच नाहीत. त्याचं अंग हाडांच्या तकटांनी मढवलेलं असतं, चिलखत घातल्यासारखं. त्यामुळे पुस्तकातली ती खूण इथे दिसतच नाही आणि लोक निर्धास्त राहतात.

साबुदाणा, कापूस, सोनेरी धूळ

भाचीने जुनं सूक्ष्मदर्शक आणलं होतं. नुकत्याच मेलेल्या माशाच्या परावरचा चिकट थर काचपट्टीवर घेतला आणि मला डोळा लावायला सांगितला. एक गोल, केसाळ गोळा स्वतःभोवती संथ फिरत होता. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेसारखा आकार. "ही नाल दिसली की खेळ खल्लास," ती म्हणाली. "इक."

इक म्हणजे इक्थिओफ्थिरियस, मासे पाळणाऱ्यांचा सगळ्यात जुना वैरी. अंगावर साबुदाण्याच्या कण्या टोचल्यासारखे पांढरे ठिपके येतात, जास्तीत जास्त मिलिमीटरभर. ओटोच्या मातकट, ठिपकेदार पाठीवर ते चटकन दिसत नाहीत. म्हणून आधी त्याचे पारदर्शक पर बघायचे. ठिपके यायच्या आधीच मासा दगडाला अंग घासायला लागतो, झटके देतो. एरवी ध्यान लावून बसणारा ओटो असा अस्वस्थ झाला की समजावं.

या परजीवीचं चक्र लक्षात आलं की औषधांचा गोंधळ निम्मा कमी होतो. माशाच्या कातडीखाली असताना त्याला कुठलंच औषध लागत नाही. तो पिकला की गळून तळाशी पडतो, कवच धरतो, आत फुटून शेकडो पिल्लं होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधतात. साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की तिसऱ्याच दिवशी औषध थांबवणारे लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा डोकं धरून बसतात. ठिपके गेले याचा अर्थ परजीवी तळाशी अंडी उबवायला बसल्यासारखा बसलाय. कोमट पाण्यात हे चक्र वेगाने फिरतं आणि औषधाला लवकर सापडतं. त्यासाठी पाणी थोडं गरम करायचा सल्ला देतात.

आणि तिथेच माणूस फसतो. कारण कॉलम्नॅरिस नावाचा एक जिवाणूजन्य आजारही पांढराच दिसतो. तोंडाच्या कडेला पांढरी झालर, पाठीवर खोगिरासारखा करडा चट्टा. लोक त्याला बुरशी म्हणतात. खरी बुरशी कापसाच्या पिंजल्यासारखी मोकळी, उभी असते. कॉलम्नॅरिसचा चट्टा कातडीलगत, मळकट. या जिवाणूला उबदार पाणी मानवतं. म्हणजे 'पांढरं दिसतंय, पाणी तापवा' केलं की इक असेल तर मासा वाचेल, कॉलम्नॅरिस असेल तर दोन दिवसांत जाईल. ज्या माशाचं सगळं जगणं तोंडाच्या वाटीवर, त्याच्या ओठाला रोग झाला की त्याला काचही धरता येत नाही. काचेवरून वारंवार घसरणारा ओटो दिसला तर सगळ्यात आधी त्याचं तोंड बघा.

मखमली रोग त्याहून फसवा. अंगावर सोनेरी-गंजकट धूळ बसते आणि ती दिव्याच्या थेट उजेडात दिसतच नाही. खोलीतले दिवे घालवून बॅटरी तिरकी मारली की चमकते. मी फरशीवर पालथा का पडलो होतो, त्याचा हा खुलासा.

लालीचंही सांगायला हवं. खालून पाहताना कल्ल्यांपाशी फिकट गुलाबी छटा असते, ती स्वाभाविक. पण परांच्या मुळाशी किंवा पोटावर रक्त साकळल्यासारखे लाल डाग म्हणजे संसर्ग रक्तात गेला. त्या अवस्थेतला ओटो मी एकही वाचलेला पाहिला नाही.

पाण्याचं दुखणं माशाच्या नावावर

माझ्या पहिल्या चार माशांचा खून एकट्या उपासमारीने केला नव्हता, हे मला नंतर कळलं. ती टाकी तीन आठवड्यांची होती. नवीन टाकीत माशांच्या मलमूत्रातून अमोनिया साचतो. त्याला खाऊन नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यात काचेवर तपकिरी शेवाळ मात्र धरतं, आणि लोक नेमके तेव्हाच ओटो आणतात. म्हणजे सगळ्यात नाजूक मासा सगळ्यात कच्च्या पाण्यात.

अमोनियाने बाधलेला मासा धापा टाकतो, कल्ले लालभडक होतात. नायट्राइटने रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाणी हवेने भरलेलं असूनही मासा गुदमरतो. दोन्हींत वर अंगावर काहीच उमटत नाही. ओटोकडे जरा वेगळी सोयही आहे. तो पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट गिळतो आणि तोही वापरतो. दिवसातून कधी एकदा सुर्रकन वर जाऊन आला तर घाबरायचं कारण नाही. सगळेच्या सगळे मिनिटामिनिटाला वर धावायला लागले तर औषधाच्या बाटलीला हात न लावता निम्मं पाणी बदला. भाचीचा हा एकच हुकूम मी भिंतीवर लिहून ठेवलाय.

बदलायचं पाणी क्लोरीन काढलेलं हवं, हे सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसाचं पावसाचं पाणी मुळात मऊ असतं आणि ओटोला मऊच लागतं. मुंबईकराचं ते नशीब. टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायट्यांत मात्र पाणी आठवड्याला बदलतं आणि मासाही बदलतो. उन्हाळा हे दुसरं संकट. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, बत्तीस अंशांना सव्वासातच्या आसपास. ओटोला बावीस ते सव्वीस अंश मानवतात. मेमध्ये आमच्या टाकीत एकतीस होतात. वरचं झाकण काढून छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पाणी रोज थोडं आटतं, ते भरत राहायचं.

डोंबिवलीच्या गॅलरीतल्या बादल्या

औषधांबद्दल मी एका मुरलेल्या माणसाला विचारायचं ठरवलं. डोंबिवलीतले एक काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, वीसेक वर्षं मासे ठेवतात. त्यांच्या कपाटात निळ्या-हिरव्या बाटल्यांची रांग असेल असं वाटलं होतं. निघाल्या दोन बाटल्या आणि जाड्या मिठाची पुडी.

"ओटोला औषध निम्म्या मात्रेने. मॅलकाइट ग्रीन, तांबं, याला सोसत नाही. निळं औषध मुख्य टाकीत ओतलं की फिल्टरमधले जिवाणू मरतात, मग आजार बरा झाला तरी अमोनियाने मासा जातो." मग हसून, "आणि मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून फोडणारे आहेत, त्यांना तर मी नमस्कारच करतो."

त्यांचं खरं औषधालय गॅलरीत होतं. पाच बादल्या, त्यांत नदीचे गोटे, वर ऊन. गोट्यांवर हिरवं मखमल धरलेलं. दर तीन दिवसांनी एक गोटा टाकीत, टाकीतला चाटून स्वच्छ झालेला परत बादलीत. "काकू बोलतात का काही?" मी विचारलं. आतून आवाज आला, "बोलून काही होत नाही म्हणून सोडून दिलं!"

नवीन ओटो आणला की तो काकांकडे तीस दिवस वेगळ्या टाकीत राहतो. साध्या विलगीकरणाच्या टाकीत काहीच नसतं, आणि ओटोला 'काहीच नसणं' हाच धोका. म्हणून त्यात गोटे आणि रस्त्यावर गळलेली देशी बदामाची वाळलेली पानं. पानं भिजून मऊ झाली की त्यांवर बुळबुळीत थर येतो, तो हे मासे आवडीने चाटतात. शिवाय दोडक्याची किंवा काकडीची चकती, किंचित उकडून, काट्याला टोचून तळाशी. रात्री घालायची, सकाळी काढायची. राहिली तर तीच पाणी नासवते. पहिले दोन दिवस कोणी फिरकत नाही. एकाने तोंड लावलं की बाकीचे येतात.

पिशवी उघडण्याबद्दल काकांनी एक बारीक गोष्ट सांगितली. लांबून आलेल्या पिशवीत कर्बवायू साठल्यामुळे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं आणि त्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून असतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडतो, आम्लता उतरते, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून दूरच्या प्रवासाची पिशवी उघडी ठेवून तासनतास थेंबथेंब पाणी मिसळत बसू नये. तापमान जुळवायचं, मग मासा उचलून आपल्या पाण्यात. पिशवीतलं पाणी मोरीत. उचलायचा तोही जाळीने नाही. परातल्या काट्यांनी तो जाळीत अडकतो. काका पेला वापरतात.

त्यांच्याकडे एक वही होती. तारीख आणि आकडा, बस. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी ओटोंची मोजदाद. "एवढासा मासा रात्री मेला तर सकाळपर्यंत गोगलगाई फडशा पाडतात. प्रेत सापडत नाही. लोक म्हणतात, लपला असेल. महिन्याने कळतं की सातातले तीनच आहेत." बहुतेक घरांत हा मासा असाच नाहीसा होतो. त्याला आजारही होत नाही आणि मरणही येत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

मल्या आणि हेलिकॉप्टर

परतीच्या गाडीत काकांचं एक वाक्य डोक्यात घोळत होतं: "शेवाळ खाणारा मासा बघायला ॲमेझॉनला कशाला जायचं?" खरं आहे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत, खडकाला चिकटून शेवाळ खाणारा मल्या आहे. कंपनी सरकारच्या कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये बसवली. खुडरी, कोळस, तसाच हा मल्या. आज त्याचं नाव गारा मुल्या. पण मल्याला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. घरच्या टाकीत तो ओटोहून लवकर थकतो. त्याला ओढ्यातच राहू द्यावं.

सकराची गोष्ट नेमकी उलटी. तो कशानेच थकत नाही. मोठा झाला, टाकीत मावेना, किंवा आजारी वाटला, की कोणीतरी 'जीव वाचवावा' म्हणून त्याला तलावात सोडतं. उजनीच्या कोळ्यांनी त्याला 'हेलिकॉप्टर' नाव ठेवलं आहे. जाळ्यात शिरला तर काटेरी पर जाळं फाडतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. आजारी मासा सोडण्यात आणखी एक पाप आहे: त्याच्या अंगावरचे परजीवीही सोबत जातात. टाकीतला मासा टाकीतच ठेवावा, नाहीतर दुकानाला परत करावा.

दिवाळीपूर्वीचा एक निरोप

आता माझ्याकडे सहा ओटो आहेत. गेल्या वर्षी उरलेले दोन आणि काकांकडे तीस दिवस काढून आलेले चार. निवडताना मी दुकानात पाऊण तास काढला होता. ज्यांनी काचेवर येऊन पोट दाखवलं आणि ते भरलेलं होतं, तेवढेच घेतले. दुकानदाराला सांगून त्याच्यासमोर काकडीची चकती टाकीत सोडली होती. ज्यांनी तिला तोंड लावलं त्यांतून निवडले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पहिलेच." आणि आठवड्यापूर्वी आलेला माल घेतला, आदल्या दिवशीचा घेतला नाही; प्रवासाने जे मरणार ते तेवढ्या दिवसांत दुकानातच मरतात. हे काही फार दयाळूपणाचं धोरण नाही, याची मला कल्पना आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांत साफसफाई झालेली असेल, किंवा चालू असेल. झुरळांचा स्प्रे, रंगाचा वास, डासांची कॉइल, फटाक्यांचा धूर, सगळं याच आठवड्यात. झुरळ-डासांच्या फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड जातीची द्रव्यं असतात. माणसाला त्यांचा फारसा त्रास होत नाही, माशांना ती अत्यंत विषारी. टाकीचा एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. दिवाळीनंतर 'अचानक सगळे मासे गेले, रोग आला असावा' म्हणणाऱ्यांनी आधी हे आठवून पाहावं.

तर पेस्ट कंट्रोलवाला दारात आला की आधी टाकीकडे जा. एअर पंप बंद करा, टाकीवर प्लास्टिकचा कागद कडेपर्यंत ओढून घ्या, फवारणी झाल्यावर खिडक्या सताड उघडा, वास पुरता गेला की कागद काढून पंप पुन्हा सुरू करा. आणि संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर काचेपाशी जाऊन ओटो मोजा.